अंधाराचा काठ

बाबा,

परवा धूमकेतू दिसला. तो आला होता आधीच, चांगला आठवडाभर बुडत्या सूर्याच्या मागे लपत-छपत होता, पण आपल्या शेतावरून मला तो परवा दिसला आणि पहिल्यांदा मनात आलं ते तुम्हाला आवाज द्यायचं. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत असं फारसं झालेलं नाही. दुःखात तुमची आठवण येते ती निराळी, ती गपचूप येऊन बसते. ही तशी नव्हती. ही धावत घरात शिरून सांगायची गोष्ट होती, आणि सांगायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, होती फक्त आई, जिला आता एका डोळ्याने धड दिसत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

बोरीच्या बाजारातला तुमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागे तळं आणि डोंगर रंगवलेला पडदा, आणि खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा, कारण मोकळा ठेवला तर गिऱ्हाईक तो खिशात घालून नेतं. साऱ्या गावाचे चेहरे तुमच्या एका कॅमेऱ्यातून गेले. लग्नसराईत तर तुम्ही घरी नसायचातच. पण लग्नाचा रोल संपत आला आणि शेवटी दोन-चार फोटो उरले की ते वऱ्हाड्यांचे नाहीत, आपले आहेत, असं तुम्ही मनाशी ठरवून टाकलं होतं. ते उरलेले फोटो घेऊन तुम्ही रात्री शेतात जायचात. आजी म्हणायची, "लोकं मान्साचे फोटो काढते, आमचा हा अंधाराचे काढते." तुम्ही हसायचात आणि तुरीची पिशवी उचलायचात. स्टुडिओतली कॅमेऱ्याची तिपाई दिव्याला अडकलेली असायची, म्हणून शेतात कॅमेरा बसायचा त्या पिशवीवर. आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली, तुरीने अर्धवट भरलेली. कॅमेरा वर ठेवून जरा दाबला की दाणे सरकायचे आणि त्याला अंगासरशी धरून ठेवायचे. आभाळाच्या कोणत्या कोपऱ्याकडे तोंड करायचं ते तुम्ही हाताने दाबून-दाबून ठरवत असायचात, आणि माझ्या मते तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असायची ती नवरदेवाच्या फोटोला कधीच नसायची.

मी सातवीत आहे. उन्हाळा आहे, जेवणं झाली आहेत. आजीला ताप आहे म्हणून आई तिच्या उशाशी बसली आहे, आणि तुम्ही मला म्हणता, "चाल, तुले शेपटीवाला तारा दाखवतो." आईलाही यायचं आहे. ती दारापर्यंत येते, आतून आजी कण्हते, ती परत फिरते. तुम्ही उंबऱ्यातूनच तिला सांगता, "फोटोच आनून देतो ना तुले. घरी बसून आरामात पाह्यजो." शेतात पोचल्यावर तुम्ही माझी हनुवटी धरून मान वळवता. आणि तो तिथे आहे. बाभळीच्या वर, डोकं खाली, शेपूट वर, फळ्यावरून ओला हात फिरल्यावर खडूचा जसा फिकट पट्टा उरतो तसा. मला वाटलं होतं शेपटीवाला तारा म्हणजे काहीतरी पळणारं असणार. हा पळत नव्हता. नुसता उभा होता. एवढं मोठं काहीतरी आभाळात येऊन उभं राहतं आणि त्याचा काहीच आवाज कसा होत नाही, हेच मला समजेना. मी तुमचा सदरा धरला. भीती म्हणावी तर भीती नव्हती, पण पाय जमिनीवर आहेत ना हे मी दोनदा पाहिलं होतं एवढं नक्की.

तुम्ही मात्र कामात. कॅमेऱ्याला जोडलेल्या तारेचं बटण अंगठ्याने दाबून धरलेलं, ओठ हलताहेत, मनातल्या मनात आकडे मोजताय. तेवढ्यात रस्त्यावरून जीप येते, तिचा झोत शेतावर फिरणार असं दिसतं, आणि तुम्ही डोक्यावरची टोपी काढून भिंगाला न लागता त्याच्यासमोर धरता. जीप जाते. टोपी परत डोक्यावर. मोजणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. मी हसले तर तुम्ही हळूच म्हणालात, "हासू नको, हलन ना तो." कोण हलेल, कॅमेरा की धूमकेतू, ते मी विचारलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी लग्न होतं, नंतर वळवाचे ढग आले, नंतर रात्रभर चंद्र राहू लागला. आईला शेतात न्यायचं राहून गेलं, पण फोटो येणार होता म्हणून कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. रोल अमरावतीच्या लॅबला एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती जायचा आणि तसाच परत यायचा. पाकीट आलं तेव्हा मी स्टुडिओतच होते. लग्नाचे सगळे फोटो छान आले होते. शेवटच्या फोटोंचे कागदच नव्हते, फक्त निगेटिव्हच्या पट्ट्या. तुम्ही एक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली, मग दुसरी, आणि मग दोन्ही पट्ट्यांची टोकं बोटांनी एकमेकांना जुळवून धरलीत. निगेटिव्हमध्ये रात्र पारदर्शक असते आणि तारे काळे. लॅबवाल्याला ती कोरी फिल्म वाटली होती. कुठे एक फोटो संपतो आणि दुसरा लागतो हेच त्याला दिसलं नाही, आणि पट्ट्या कापताना त्याची कात्री धूमकेतूच्या बरोबर मधून गेली होती. एका पट्टीत शेपूट, दुसरीत डोकं.

घरी आल्यावर तुम्ही दोन्ही तुकडे आईच्या हातात दिलेत. तिने ते दिव्यासमोर धरून नीट पाहिले, आलटून-पालटून पाहिले, आणि सरळ मनाने विचारलं, "यातलं डोकं कोनतं नि शेपूट कोनतं?" मला लॅबवाल्याचा इतका राग आला होता की मी जेवले नाही, आणि तुम्ही माझ्या ताटाशी बसून त्याचीच बाजू घेत होतात. "अंधाराले काठ कुठी असते? त्याले काय समजन बिचाऱ्याले." पुढच्या खेपेला त्या लॅबवाल्यानेच तुम्हाला युक्ती सांगून पाठवली. अंधाराचा फोटो काढायच्या आधी एक उजेडाचा काढत जा. तो दिसला की त्याच्या काठावरून पुढच्या फोटोंचं माप धरून कापता येतं.

तो उजेडाचा फोटो म्हणजे आई. हिवाळ्यात तूर आणि हरभरा उभा असला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरू नयेत म्हणून शेतात रात्रीची जागल असते. तुम्ही जागलीला जायचात, आई डबा घेऊन यायची आणि डबा रिकामा झाला तरी थांबायची. सुट्टी असली की मी मचाणावर घोंगडीत. पिशवीवर कॅमेरा बसला की तुम्ही म्हणायचात, "ये वं, उभी राह्य." ती यायची. कधी हातात विळा, कधी डब्याचं झाकण, कधी शेकोटीचा धूर डोळ्यांत गेलेला. फ्लॅश पडायचा, आई डोळे चोळत "झालं?" म्हणायची आणि तुमचं उत्तर यायच्या आत बाजूला होऊन शेकोटीशी जाऊन बसायची. मग तुम्ही आभाळाकडे वळायचात. शेजारच्या शेतातला जागल्या हाकारे घालत बॅटरी फिरवायला लागला की टोपी भिंगासमोर. आई शेकोटीपाशी डोळ्यांसमोरचे जांभळे ठिपके झटकत बडबडत असायची की हा माणूस आधी मला आंधळी करतो आणि मग आभाळ पाहा म्हणतो.

त्या वर्षांतला एक फोटो मी विसरू शकत नाही. तुम्ही कॅमेरा उत्तरेकडे लावून फार वेळ उघडा ठेवला होता, तुम्हाला बसल्या-बसल्या डुलकी लागली होती इतका वेळ. कागद छापून आला तेव्हा ध्रुवाभोवती साऱ्या ताऱ्यांच्या रेघा झाल्या होत्या, गोल-गोल, कुणी जात्याभोवती पीठ फिरवल्यासारख्या. आजीने कागद उलटा करून मागे पाहिलं. गावातल्या एकाने तर ओरखडे पडलेला कागद का दिला म्हणून लॅबला भांडायचा सल्ला दिला. मी मात्र रेघांचे रंग पाहत होते. एक रेघ नारिंगी, एक निळी, एक पिवळसर. जन्मभर मी ताऱ्यांना पांढरे समजत आले होते. मी तुम्हाला विचारलं, हे रंग तुम्ही भरले का. तुम्ही म्हणालात, "म्या कायले भरू? ते असेच आहे. आपला डोया घाई करते, म्हून पांढरे दिसते." त्या रात्री मी अंगणात किती तरी वेळ डोळे न मिटता उभी होते. एकही रंग दिसला नाही, पण ते तिथे आहेत हे आता मला माहीत होतं, आणि ते माहीत असण्याचा आनंद मला मावत नव्हता. अजूनही मावत नाही. शाळेत मुलांना शिकवताना तो फोटो दाखवते तेव्हा माझाच आवाज बदलतो.

धूमकेतू मात्र परत आला नाही. तुम्ही पेपरात वाचायचात, अमक्या महिन्यात एक येतोय, आणि तो एकतर पहाटे ढगात यायचा किंवा इतका फिकट की असून नसल्यासारखा. आईला दिलेला शब्द तुम्ही विसरला नव्हतात. शेवटच्या दिवसांत यवतमाळच्या दवाखान्यातून खिडकीबाहेर पाहत तुम्ही एकदा म्हणालात, "तुह्या मायले तो दाखवाचा राह्यला." आम्ही विषय बदलला. नंतर स्टुडिओ बंद झाला, तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. पडदा कुणीतरी मांडवाला नेला. तुरीची पिशवी राहिली. आई दर साली जुनी तूर काढून नवी भरते, कारण कीड लागते म्हणते. कशाला भरते ते मी कधी विचारलं नाही.

तर यंदा. मी आता पांढरकवड्याला शाळेत शिकवते, दसऱ्याला येऊन चार दिवस जास्त थांबले होते. माझ्याकडे एक साधा कॅमेरा आहे, खिशात मावणारा, भिंग बदलत नाही, काही नाही. फक्त डोळा पंधरा सेकंद उघडा ठेवायची सोय त्यात आहे. कोजागिरी होऊन गेली होती, चंद्र उशिरा उगवणार होता. रोज संध्याकाळी पश्चिमेला ढगांची फळी. आई रोज विचारायची, "दिसला का?" आणि रोज मी नाही म्हणायचे. तिला विचारण्याचं कारण होतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय, आणि ज्याचा काढलाय त्यालाही बारीक उजेड दिसत नाही. आभाळात तिला शुक्र दिसतो, चंद्र दिसतो, बाकी सगळं काळं. तेव्हा तिला धूमकेतू दाखवायचा तर तुमच्यासारखाच, फोटो आणून, आणि तोही येत्या दोन-चार संध्याकाळींत, कारण तो रोज फिकट होत चालला होता. तुमच्यासारखंच माझंही राहून जाईल, याची मला धास्ती वाटत होती. हसू नका.

परवा दुपारी वारा सुटला आणि फळी फुटली. आम्ही दोघी शेतात गेलो. सोयाबीन निघून गेलेलं, पलीकडे कपाशीची बोंडं फुटायला लागलेली. पिशवी आईने उचलली होती. अंधार पडला, मी डोळे ताणून पाहत राहिले, आणि मग शुक्राच्या वरच्या बाजूला, पाहिलं की नाहीसा आणि नजर जरा बाजूला नेली की हजर, असा तो दिसला. मागच्यापेक्षा कितीतरी बारीक. पण मला पुन्हा तसंच झालं, सातवीत झालं होतं तसंच. पुन्हा तो बिनआवाजाचा उभा होता. मी आईचा हात धरला. ती म्हणाली, "आहे का?" मी म्हटलं, आहे. तिने त्या दिशेला तोंड केलं आणि काहीच न दिसणाऱ्या जागेकडे आदबीने पाहत राहिली.

मग मी पिशवीवर कॅमेरा ठेवला, आणि आई आपली येऊन समोर उभी राहिली. पदर नीट केला, हात खाली सोडले. मी फ्लॅश लावला. घाईत एक झालं, पंधरा सेकंदांची सोय तशीच चालू राहिली. बटण दाबलं, फ्लॅश पडला, आईने डोळे चोळले, "झालं?" म्हणाली आणि उत्तर यायच्या आत बाजूला जाऊन धुऱ्यावर बसली. कॅमेरा मात्र डोळा उघडा ठेवून आभाळाकडे पाहत राहिला, पंधरा सेकंद पुरे होईपर्यंत.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे आलं ते मी बराच वेळ नुसतं धरून बसले, बाबा. आई आहे. जरा धूसर, पण आईच, डोळे किलकिले, पदर नीट. आणि तिच्या आरपार तारे आहेत. ती निघून गेल्यावर तिच्या जागेतून आभाळ येत राहिलं होतं, आणि धूमकेतू बरोबर तिच्या खांद्यात उतरला होता, डोकं खांद्याशी, शेपूट कानावरून वर गेलेली. अख्खा, न कापलेला. क्षणभर ते बघवलं नाही, आई असून नसल्यासारखी दिसत होती म्हणून. मग तेही राहिलं नाही. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही, हे मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण आई म्हणाली, "मले दाखव ना मंग."

मी तो पडदा तिच्या चांगल्या डोळ्याजवळ नेला आणि बोटांनी मोठा केला. तिला दिसला. डोकं आणि शेपूट दोन्ही दिसलं, तिने बोट लावून दाखवलं. मग स्वतःला पाहिलं. "मी तं आरपार दिसून राह्यली वं," म्हणाली, आणि हसली. घाबरली नाही. मग आपण होऊन बोलली. "तुह्ये बाबा सांगत, लॅबवाल्याले नुसता उजेड पाह्यजे. मचाणाखाली कंदील जयत राहे ना. त्याचा काढला असता तरी चाललं असतं."

"मग तुझा काहून काढत?"

"आता बापा," आई म्हणाली, "सासूसमोर बायकोचा फोटो कोन काढे तवा? कामाच्या नावानं काढत. मले मालूम होतं. म्हून तं मी लवकर बाजूले होवो, अजून एक काढून त्याइचा रोल वाया नको जाले म्हून."

मग मी नुसत्या धूमकेतूचेही फोटो काढले, आई धुऱ्यावर बसलेली असताना. ते चांगले आलेत, स्वच्छ. शाळेत तेच लावणार आहे. आईला हवा तो पहिलाच. उद्या दारव्ह्याला जाऊन मोठा करून आणणार आहे, तुमच्या फोटोशेजारी लावायचा म्हणते. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि शोधणारही नाही.

एक तेवढं सांगायचं राहिलं. उभी राहायच्या आधी आईने मला विचारलं होतं, "या कॅमेऱ्यातही आधी उजेडाचा लागते का? नाहीतं कापन ना तो." यात रोल नाही, पट्टी नाही, कात्री नाही, हे नातवंडांच्या मोबाइलमुळे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी म्हटलं, लागतो. ती म्हणाली, "हो ना," आणि पदर नीट करायला लागली.